चौकटीबाहेर राहिलेले पाय : भगवानदादांच्या डीव्हीडी संचाविषयी

गेल्या दिवाळीत मी वडिलांसाठी भगवानदादांच्या चित्रपटांचा तीन डीव्हीडींचा संच मागवला. पहिल्या डीव्हीडीत १९५१ सालचा ‘अलबेला’, दुसरीत १९५६ सालचा ‘भागम भाग’ आणि तिसरीत निरनिराळ्या चित्रपटांतली गाणी आहेत. सोबत जीवनपरिचय देणारी सोळा पानांची पुस्तिका आहे आणि सगळ्याची किंमत ५९९ रुपये. संच वेळेवर आला, बांधणी मजबूत होती, कव्हरवर हसऱ्या भगवानदादांचे छान मोठे छायाचित्र होते. वडिलांचे वय आता चौऱ्याऐंशी आहे आणि त्यांचे बालपण नायगावच्या गिरणी कामगारांच्या चाळीत गेले. त्यांच्या दृष्टीने भगवानदादा हे हिंदी चित्रपटातले विनोदी नट नंतर आणि आपल्या आळीतला माणूस आधी. त्यामुळे हा संच पाहताना आम्हा दोघांच्याही अपेक्षा मोठ्या होत्या, हे आधीच सांगितलेले बरे.

‘अलबेला’ सुरू झाला. पहिले गाणे येईपर्यंत वडील शांतपणे पाहत होते. गाण्यात दादा थिरकू लागले तसे ते पुढे सरकून बसले, थोडा वेळ पडद्याकडे निरखून पाहत राहिले आणि म्हणाले, “अरे, पाय कुठे गेले दादांचे?”

पाय खरोखरच नव्हते. गुडघ्यांच्या थोडे खाली चित्र संपत होते आणि वरच्या बाजूला टोपीचा शेंडाही कापला गेला होता. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. १९५१ साली आपल्याकडे चित्रपटाची चौकट जवळजवळ चौरसाकडे झुकणारी असे. रुंदी चार भाग तर उंची तीन भाग, अशा प्रमाणात छायाचित्रण होई. आजच्या टीव्हीचा पडदा सोळास नऊ या प्रमाणात आडवा पसरलेला असतो. जुने चित्र त्यावर जसेच्या तसे दाखवायचे, तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. ग्राहकाला पट्ट्या खटकतील या समजुतीने काही कंपन्या चित्र मोठे करून पडदा भरतात आणि वरचा व खालचा भाग कापून टाकतात. या व्यवहारात मूळ चित्राचा सुमारे एक चतुर्थांश भाग जातो. संवादाच्या प्रसंगात हे नुकसान एखाद्या वेळी ध्यानात येणार नाही, पण भगवानदादांच्या चित्रपटात जो भाग कापला गेला, त्यातच त्यांची निम्मी कला होती.

त्यांचे नृत्य शब्दांत सांगणे अवघड आहे, तरी प्रयत्न करतो. ते जागा सोडत नाहीत. गुडघे किंचित वाकवलेले, कोपरे कमरेजवळ, तळवे पुढे आणि मनगटे सैल. ठेका टाचेवर झेलायचा, तिथून तो कमरेपर्यंत चढू द्यायचा आणि खांद्यापाशी येता येता विरू द्यायचा. बुटका, गोल, भक्कम देह असूनही त्याचे वजन कुठे जाणवत नाही. उलट माणूस आपल्याच आनंदात डुलतो आहे असे वाटते. चेहऱ्यावर मोठे हावभाव नसतात. डोळे मोठे करून मान जराशी तिरकी केली, की त्यांचे काम झाले. त्या काळातले अनेक विनोदी नट तोंड वेडेवाकडे करून, बोलण्याची ढब बदलून किंवा धडपडून हसवत. दादांना त्याची गरज कमी पडली, कारण त्यांचा विनोद पावलातून वर येत असे. पाऊल दिसले नाही, तर वरचे डोलणे नुसतेच डोलणे उरते. ते कुठून आले हे पाहणाऱ्याला कळत नाही. वडिलांनी ही सगळी मीमांसा एका प्रश्नात उरकली होती.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ‘अलबेला’चे निर्माते आणि दिग्दर्शक स्वतः भगवानदादाच होते. गाण्यांत कॅमेरा बऱ्याचदा इतका मागे ठेवलेला आहे, की नाचणारा माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसावा, हा त्यांचा निर्णय होता. आपले बळ कुठे आहे हे या माणसाला नेमके ठाऊक होते. म्हणून चौकट कापणे म्हणजे चित्राचा थोडा भाग घालवणे एवढेच नव्हे. दिग्दर्शकाने जाणीवपूर्वक केलेली मांडणी ती मोडते. पुस्तिकेत दादांना ‘हास्यसम्राट’ वगैरे विशेषणे सढळ हाताने दिली आहेत, परंतु दिग्दर्शक म्हणून त्यांच्याविषयी जेमतेम एक वाक्य आहे, आणि डीव्हीडीनेही तोच अन्याय केला आहे.

तोच प्रकार वाद्यवृंदाचा. ‘अलबेला’च्या संगीतात संगीतकार सी. रामचंद्रांना सहायक म्हणून गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांची साथ होती आणि त्यांचा वाद्यमेळ चित्रपटात प्रत्यक्ष पडद्यावरही दिसतो. बोंगो, माराका, क्लॅरिनेट या परदेशी वाद्यांचा हिंदी गाण्यात इतका मोकळा वापर त्या काळी नवा होता. हा नाद मुंबईच्या हॉटेलांतल्या आणि क्लबांतल्या बँडमधून आला होता, आणि गिरणगावातल्या प्रेक्षकाने तो कसलीही ओळख करून न देता आपलासा केला. या वादकांना पडद्यावर पाहणे हे मोठे सुख आहे. डीव्हीडीत मात्र त्यांचे हात बऱ्याच वेळा खालच्या कडेला कापले जातात.

आवाजाबद्दलची तक्रार तुलनेने सूक्ष्म आहे, पण गाणे कानात बसलेल्या माणसाला ती खटकेल. चित्रपटाची फीत सेकंदाला २४ चौकटींच्या गतीने धावते, तर आपल्याकडच्या टीव्हीची जुनी पद्धत २५ चौकटींची. रूपांतर करताना काळजी घेतली नाही, तर चित्रपट चार टक्के वेगाने पळतो; अडीच तासांचा ऐवज सहा मिनिटे आधी संपतो आणि आवाजाची पट्टी चढते. मी संवादिनी घेऊन बसलो आणि ताडून पाहिले. मूळ गाणे पांढरी एकमध्ये, म्हणजे संवादिनीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीच्या सुरात असेल, तर या डीव्हीडीत ते पांढरी एकमध्ये राहत नाही आणि तिच्या लगतच्या काळी एकपर्यंतही पोहोचत नाही; मधेच कुठेतरी लटकते. लताबाईंच्या आवाजाला त्यामुळे एक अनावश्यक टोक येते. दादांच्या तोंडची गाणी गाणाऱ्या चितळकरांच्या आवाजाचे नुकसान अधिक होते, कारण त्या आवाजातला जो जाडसर, घरगुती, जरा खर्जाकडे रेलणारा भाग भगवानदादांच्या देहाला शोभत असे, नेमका तोच पातळ होतो.

चितळकरांचा विषय निघाला म्हणून पुस्तिकेतली एक ठळक चूक सांगतो. गाण्यांच्या यादीत संगीतकार म्हणून सी. रामचंद्र आणि गायक म्हणून चितळकर अशी नावे आहेत, ते ठीक. परंतु पुढच्या पानावर या दोघांचा परिचय दोन स्वतंत्र कलावंत म्हणून करून दिला आहे. रामचंद्र नरहर चितळकर ही एकच व्यक्ती. संगीत देताना ते सी. रामचंद्र होत आणि गाताना चितळकर हे आडनाव लावत. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याला जन्मलेल्या या माणसाशी भगवानदादांची मैत्री ‘अलबेला’च्या कितीतरी आधीची. दादांनी दिग्दर्शित केलेल्या ‘वनमोहिनी’ या १९४१ च्या तमिळ चित्रपटाला आणि त्यानंतर १९४२ च्या ‘सुखी जीवन’ला संगीत त्यांचेच होते. आपल्या मित्राचा देह कसा हलतो हे ज्याला वर्षानुवर्षे ठाऊक आहे, अशा संगीतकाराने त्याच्यासाठी चाली बांधल्या आणि पुन्हा स्वतःचाच गळा त्याला दिला. ‘शाम ढले’ किंवा ‘भोली सूरत’ ऐकताना गाणारा आणि नाचणारा वेगळे आहेत हे आपण विसरतो, ते या जवळिकीमुळे. पुस्तिका लिहिणाऱ्याला ही गोष्ट कळली असती, तर संचातले सर्वात सुंदर पान तिथेच तयार झाले असते.

पुस्तिकेतला जीवनपरिचय जेवढा आहे तेवढा वाचनीय आहे, पण फार गुळगुळीत आहे. भगवान आबाजी पालव यांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ रोजी अमरावतीत झाला, वडील गिरणीत कामाला होते, मुलाचे दिवस दादर-परळ भागात गेले, कुस्तीचा आणि व्यायामाचा नाद लागला आणि मूकपटाच्या काळात तो चित्रपटांत शिरला, एवढे त्यात येते. त्यानंतर पुस्तिका थेट ‘अलबेला’वर उडी मारते. मधली वीस वर्षे तिने दोन ओळींत गुंडाळली आहेत. खरे तर हीच वर्षे त्यांच्या घडणीची होती. १९३८ च्या ‘बहादुर किसान’पासून त्यांनी दिग्दर्शनात लक्ष घातले. कमी पैशांत, मोजक्या दिवसांत, कामगार वस्तीतल्या प्रेक्षकासाठी मारधाडीचे चित्रपट काढण्याचा त्यांनी सपाटा लावला. शिकले-सवरलेले लोक त्यांकडे फिरकत नसत आणि वर्तमानपत्रे त्यांची फारशी दखल घेत नसत. पुढे त्यांनी जागृती पिक्चर्स ही स्वतःची संस्था काढली आणि चेंबूरला जागा घेऊन जागृती स्टुडिओ उभारला. स्टंटपटांत आयुष्य काढलेल्या या माणसाला कौटुंबिक, सामाजिक चित्रपट काढण्याचा सल्ला राज कपूर यांनी दिला आणि त्यातून ‘अलबेला’ आला, ही हकिकत प्रसिद्धच आहे. ‘आवारा’ आणि ‘बाजी’ ज्या वर्षी झळकले, त्याच वर्षी हा बुटका, देखणा नसलेला, गिरणगावातला नायक चित्रपटाच्या नायिका गीता बालींच्या बरोबरीने उभा राहिला आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतले.

आधीच्या त्या चित्रपटांपैकी एकही या संचात नाही, याचा दोष मात्र कंपनीला देता येत नाही. गोरेगावच्या एका गोदामाला लागलेल्या आगीत दादांच्या जुन्या चित्रपटांच्या बहुतेक निगेटिव्ह जळून गेल्या. ज्या कामावर त्यांचा पाया घातला गेला, ते काम आज आपल्याला पाहताच येत नाही. पुस्तिकेत या आगीचा उल्लेख असायला हवा होता. निदान वाचकाला हा संच इतका लहान का, हे तरी समजले असते.

दुसरी गाळलेली गोष्ट अधिक अवघड आहे. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात एका प्रसंगात दादांनी ललिता पवार यांना थोबाडीत मारायची होती. ती इतक्या जोराने बसली, की ललिताबाईंच्या चेहऱ्याला अर्धांगवायूसारखा त्रास झाला, डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली आणि उपचारांत त्यांची सुमारे तीन वर्षे गेली. नायिका म्हणून चाललेली त्यांची वाटचाल तिथे थांबली. पुढे खाष्ट सासवांच्या भूमिकांत आणि ‘रामायण’ मालिकेतल्या मंथरेच्या रूपात सगळ्या देशाने त्यांना पाहिले, ते त्या बारीक झालेल्या डोळ्यासह. तो अपघात होता, यात शंका नाही. पण ज्यांच्या हातून तो घडला, त्यांचे चरित्र सांगताना तो वगळणे मला योग्य वाटत नाही. भगवानदादांवर माझे प्रेम आहे, म्हणूनच त्यांच्या आयुष्यातले हे पान कोणी लपवू नये असे मनापासून वाटते. ललिताबाईंच्या वाट्याला आलेल्या सोसण्याचा मान त्याशिवाय राखला जात नाही.

उतरणीच्या काळाबद्दल पुस्तिका बरेच सांगते, आणि तो भाग चांगला उतरला आहे. नंतरच्या ‘झमेला’ चित्रपटाला ‘अलबेला’चे भाग्य लाभले नाही. ‘हँसते रहना’ या चित्रपटात दादांनी जवळची पुंजी घातली आणि तो अर्धवटच राहिला. जुहूचा पंचवीस खोल्यांचा बंगला गेला, आठवड्याच्या प्रत्येक वारासाठी वेगळी अशा सात मोटारी होत्या, त्याही गेल्या, स्टुडिओ गेला आणि दादा दादरच्या चाळीतल्या दोन खोल्यांत राहायला आले. ‘झनक झनक पायल बाजे’, ‘चोरी चोरी’ अशा चित्रपटांतल्या लहान भूमिकांनंतर तर अनेक वर्षे त्यांना केवळ घोळक्यात उभे राहून आपली ती दोन पावले टाकण्यासाठी बोलावले जाई. तरीही गणपतीची मिरवणूक त्यांच्या घरासमोरून जाताना थांबायची, पोरे त्यांच्या ढंगात नाचायची आणि दादा खाली येऊन त्यांना साथ द्यायचे, असे दादरकडचे लोक आजही सांगतात. ४ फेब्रुवारी २००२ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले. पुढच्या पिढीतल्या अमिताभ बच्चन यांच्या नृत्यशैलीवर त्यांची छाप आहे, हे सर्वमान्य झाले आहे. पुस्तिकेनेही त्याची नोंद घेतली आहे.

‘भागम भाग’च्या डीव्हीडीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. किशोरकुमार आणि भगवानदादा यांची जोडी, ओ. पी. नय्यर यांचे संगीत, धावपळीचा विनोद. प्रिंट मध्यम प्रतीची आहे, काही रिळांत ओरखडे फार आहेत. मात्र या चित्रपटाची चौकट कापलेली नाही. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आहेत आणि मधे सबंध चित्र आहे. एकाच संचात एका चित्रपटाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा, असे का व्हावे, हे कळत नाही. त्यातल्या त्यात ज्या चित्रपटाला पट्ट्यांची गरज सर्वाधिक होती, त्यालाच त्या मिळाल्या नाहीत.

तिसरी डीव्हीडी निराशाजनक आहे. गाण्यांच्या सुरुवातीचे आणि शेवटचे प्रसंग तोडून केवळ ध्रुवपद ते अंतरा असे तुकडे जोडले आहेत. दादांच्या गाण्यात सुरुवातीची वाद्ये वाजत असताना ते नाचायला कसे सज्ज होतात, हे पाहण्यासारखे असते; ठेका अंगात शिरू देण्यासाठी ते क्षणभर थांबतात, मग गीता बालींकडे पाहतात आणि मगच हलतात. तो क्षण इथे कापला गेला आहे. कोपऱ्यात कंपनीचे चिन्ह सतत झळकत राहते, तेही मोठ्या आकारात. ‘धीरे से आजा री’ ही अंगाई तर शेवटच्या ओळीआधीच विरून जाते. लहानपणी ज्यांच्या आईने ती म्हटली असेल, त्यांना हे सहन होणार नाही.

गीता बालींविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘अलबेला’ पुन्हा पाहताना मला त्यांचे मोठेपण अधिक जाणवले. लोकप्रियतेच्या शिखरावर असलेल्या या अभिनेत्रीने स्टंटपटांतल्या नायकाबरोबर काम करताना कुठेही उपकाराचा भाव येऊ दिला नाही. ‘शोला जो भड़के’मध्ये त्या दादांपेक्षा चपळ आहेत, पण गती आवरून त्यांच्या ठेक्यात येतात, आणि दादाही त्यांच्याकडे पाहून खुलतात. दोघांतला हा आदर एवढ्या खराब प्रतीतही टिकून आहे.

ग्राहकसेवेचा अनुभवही नोंदवतो. मी विक्रेत्याला पत्र पाठवून पहिली डीव्हीडी कापलेली असल्याचे कळवले. आठ दिवसांत उत्तर आले, भाषा सौजन्याची होती, आणि जुनी डीव्हीडी परत न मागता नवी पाठवण्यात आली. तत्परतेला पूर्ण गुण द्यावे लागतील. परंतु नव्या डीव्हीडीतही चित्र गुडघ्यांखालीच संपत होते, कारण दोष त्या एका प्रतीत नसून मूळ रूपांतरातच होता, आणि माझ्या पत्रातला हा मुद्दा कोणी नीट वाचलेला दिसला नाही. दुसऱ्या पत्राला अद्याप उत्तर नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचे प्रमाण बदलून पाहाल, तर तोही प्रयत्न व्यर्थ आहे. जे डीव्हीडीवर घेतलेच नाही, ते टीव्ही परत आणू शकत नाही.

ज्यांनी ‘अलबेला’ कधीच पाहिला नाही, त्यांनी या प्रतीवरून पहिली ओळख करून घेऊ नये असे मी सुचवेन. मूळ चौकटीतली जुनी प्रत ओरखडे आणि खरखर यांसह मिळाली, तरी ती पत्करावी. ‘भागम भाग’ संग्रही हवा असलेल्यांनी ५९९ रुपये खर्च करायला हरकत नाही. पाचपैकी दोन तारे मी त्या एका डीव्हीडीला आणि पुस्तिकेच्या उत्तरार्धाला देतो. वडिलांनी मात्र ‘अलबेला’ शेवटपर्यंत पाहिला. ‘भोली सूरत’ लागले तेव्हा त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या चप्पल काढली, टाच जमिनीला टेकवली आणि पडद्यावर जे दिसत नव्हते ते दादांचे पाऊल मला स्वतःच्या पायाने करून दाखवले.